आठव्या हिश्शाआधीचे देणे

मुस्लिम विधवेच्या हक्कांवर मराठीत लिहिणाऱ्यांचे साधारण दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, सातव्या शतकातच तिला वारसा मिळाला, पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. दुसरा म्हणतो, हिस्सा तो केवढा, तर आठवा. खोटे कुणाचेच नाही. खदीजा पैगंबरांशी लग्न करताना विधवाच होत्या. आपल्याकडे १८५६च्या कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाह करू दिला खरा, पण त्याबरोबर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही काढून घेतला. मुस्लिम विधवेचा हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. आणि तो मूलबाळ असल्यास आठवा, नसल्यास चौथा, हेही खरे.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे हिस्से सांगणारी आयत (सूरा निसा, बारावी) मृत्युपत्र आणि कर्ज भागल्यावर वाटणी करा, असे बजावते. न दिलेला मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच. म्हणजे विधवा वारस होण्याआधी धनको असते. आठ लाखांची मिळकत आणि एक लाख मेहर थकलेला असेल, तर आधी तिचा लाख बाजूला निघतो. मग उरलेल्या सात लाखांचा आठवा हिस्सा, साडेसत्त्याऐंशी हजार. मेहर सोडला तर तिच्या हाती एकूण एक लाखच येतो. हा हिशेब आमच्या अभ्यासकांच्या लेखांत मला क्वचितच दिसला.

न्यायालयांनी मात्र तो केला. हमीरा बीबी खटल्यात १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलने मेहर फिटेपर्यंत विधवेचा मिळकतीवरचा ताबा मान्य केला, शिवाय थांबावे लागल्याबद्दल वाजवी मोबदलाही धरला. पुढे मैना बीबी खटल्यात त्याला कुंपण पडले : ताबा म्हणजे मालकी नव्हे, ती जमीन तिला बक्षीस देता येणार नाही. हे सारे डी. एफ. मुल्लांच्या ग्रंथात सापडते. (नावावरून फसू नये, ग्रंथकार पारशी.)

खरी गोम पुढेच आहे. अनेक घरांत जनाजा उठण्याआधी बाईला मयतापाशी आणून ‘मेहर माफ केला’ असे वदवून घेतात. मयताचे ओझे हलके व्हावे, असे तिला सांगतात. न म्हणणारी बाई निर्दय ठरते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० सालीच नवऱ्याच्या मृत्यूने खचलेल्या बाईची अशी माफी खुशीची मानायला नकार दिला. शंभर वर्षे उलटली. प्रथेवर टीका करणारेही तिला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला ती अंधश्रद्धा वाटत नाही. तो वाटणीतला पहिला व्यवहार आहे. माफी पहिल्या तासाभरात मागायची आणि हिश्शाचे बोलणे चार महिने दहा दिवसांची इद्दत सरल्यावर काढायचे, तोवर धनकोचे नाव वहीतून गेलेले असते.