लघुप्रकल्प आणि व्यवस्थापनाची मोठी चौकट : बीड जिल्ह्यातील सिंचन विहिरीच्या निमित्ताने

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या आधुनिक शास्त्राचा जन्म प्रचंड कामांच्या पोटी झाला, ही गोष्ट त्या शास्त्राचे अध्यापन करताना सहसा विसरली जाते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांसाठी निर्णायक मार्गाची पद्धत बांधली गेली. पुढच्याच वर्षी त्या देशाच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही पद्धत सिद्ध केली. ज्या कामाचा संपूर्ण पसारा कोणाही एका माणसाला आपल्या दृष्टीच्या टप्प्यात ठेवता येत नाही, तेथे कागदावरचे जाळे हेच व्यवस्थापकाचे डोळे ठरतात. ही गरज खरी होती आणि तिला मिळालेले उत्तरही अस्सल होते. अडचण उद्भवते ती हे उत्तर, मूळ प्रश्नच जेथे नाही अशा ठिकाणी नेले जाते तेव्हा.

या शास्त्राच्या आचार्यांना ही अडचण ठाऊक नाही असे नव्हे. १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये पुढे आलेली ‘प्रिन्स टू’ ही पद्धत, प्रकल्पाच्या अंगाप्रमाणे ती बेतून घ्यावी, हे आपल्या सात तत्त्वांपैकी एक मानते. अमेरिकेतील प्रकल्प-व्यवस्थापन संस्थेच्या मार्गदर्शिकेची सातवी आवृत्ती २०२१ साली निघाली. तीत या बेतण्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. तथापि व्यवहारात बेतणे याचा अर्थ बहुधा कापणे असा घेतला जातो. वीस तक्त्यांपैकी बारा गाळले, अहवाल साप्ताहिक होता तो मासिक केला, की पद्धत लहान प्रकल्पाला लागू झाली असे समजले जाते. थोरल्याचा अंगरखा बाह्या आखडून धाकट्याला घालावा तसा हा प्रकार आहे. बाह्या बसतात, खांदे मात्र लोंबतात. लहान प्रकल्प हा मोठ्या प्रकल्पाची छोटी प्रतिकृती असतो, हे त्यामागचे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी बीड जिल्ह्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल.

या जिल्ह्यात सिंदफणेवरील माजलगावचे धरण आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील हे काम भूसंपादन, पुनर्वसन, कालवे आणि अनेक खाती यांचा मेळ घालून उभे राहिले; तेथे जाळ्याची आणि टप्प्यांची भाषा शोभते. याच जिल्ह्यात, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या अवर्षणप्रवण तालुक्यांत, रोजगार हमीतून खोदली जाणारी शेतकऱ्याची विहीरही आहे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात फोफावली, १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याशी तिची सांगड घातली गेली व वैयक्तिक सिंचन विहीर हे तिच्यातील एक मोठे मागणीचे काम बनले. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने एका विहिरीसाठीची खर्चमर्यादा तीन लाखांवरून चार लाख रुपयांवर नेली. चार लाखांचे काम, एक शेतकरी, एक खड्डा. परंतु त्याला लागणारी वाट सार्वजनिक बांधकामाचीच होती: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मस्टर, मोजमाप पुस्तिका आणि अखेरीस पूर्णत्वाचा दाखला. २०१७ च्या नोव्हेंबरापासून कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेण्याचीही त्यात भर पडली.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हे कागद नियोजनासाठी नसून हिशेबासाठी आहेत. सार्वजनिक पैसा आहे, खोट्या मस्टरांच्या तक्रारी रोजगार हमीच्या जन्मापासून होत आल्या आहेत, मग दक्षता सोडावी काय? मुळीच सोडू नये. किंबहुना या आक्षेपातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. हिशेबाचे कागद आणि नियोजनाचे कागद या दोन भिन्न जाती होत. विहिरीच्या फायलीत पहिल्या जातीचे कागद भरपूर आणि दुसऱ्या जातीचा जवळजवळ एकही नाही. तरी फाइल जाड असल्यामुळे नियोजन झाले असा भास उत्पन्न होतो. पैसा कोठे गेला हे ती सांगू शकते, पण खोदकाम कोणत्या दिवसाच्या आत कोठवर गेले पाहिजे हे ती सांगत नाही.

आणि बीडमध्ये सारे काही त्या दिवसावर अवलंबून असते. जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपेल तशी मार्च-एप्रिलमध्ये परततात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस अपेक्षित असतो. म्हणजे हात मोकळे असणे, पाण्याची पातळी खाली असणे आणि काठ कोरडा असणे या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या अवघ्या सात-आठ आठवड्यांत. मान्यता या काळाच्या आधी मिळाली तर ती मान्यता. नंतर मिळाली तर तो केवळ कागद.

‘पर्ट’चे प्रसिद्ध सूत्र येथे लावून पाहणे उद्बोधक ठरेल. आशावादी अंदाज, बहुसंभाव्य अंदाजाची चौपट आणि निराशावादी अंदाज यांची बेरीज करून तिला सहाने भागावयाचे. उदाहरणादाखल खोदकामास ३०, ४० आणि ७० दिवस धरले, तर उत्तर सुमारे ४३ दिवस येते. १५ एप्रिलला प्रारंभ केल्यास २८ मे उजाडेल, सर्व ठीक. १ मे रोजी प्रारंभ केल्यास १३ जून. आता मृग बरसला तर हे ७० दिवस ७० राहत नाहीत. खड्ड्यात पाणी भरते, मुरमाचा काठ ढासळतो आणि काम पुढल्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नऊ-दहा महिने, थांबते. निराशावादी अंदाज २७० धरून तेच सूत्र चालविले तर उत्तर सुमारे ७७ दिवस मिळते. पण ७७ दिवसांत पूर्ण होणारी विहीर या भागात संभवतच नाही. ती एक तर पावसाआधी होते, नाही तर पुढल्या वर्षी. सरासरीला अर्थ असतो तो शक्यता सलग पसरलेल्या असताना. येथे मध्ये दरी आहे. मोठ्या प्रकल्पात अशा अनेक दऱ्या परस्परांना काही प्रमाणात भरून काढतात, एका कामाची माणसे दुसऱ्यावर लावता येतात. लहान प्रकल्पाजवळ दुसरे कामच नसते. त्याचा दोष आकाराचा नाही, राखीव शक्तीच्या अभावाचा आहे, आणि तक्ते कापून हा अभाव भरून निघत नाही.

या दृष्टीने अंबाजोगाई तालुक्याचा अनुभव लक्षणीय आहे. पाणी फाउंडेशनने २०१६ साली आपली जलसंधारणाची पहिली स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत घेतली, त्यांपैकी हा एक होता (वरुड व कोरेगाव हे दुसरे दोन). पावसाळ्यापूर्वी आटोपणारी मुदत आणि गावकऱ्यांस आधीच दिलेले प्रशिक्षण एवढ्यावर तिची उभारणी होती. व्यवस्थापनशास्त्राची परिभाषा तीत फारशी नव्हती. तथापि कामाचा शेवट ऋतूशी बांधलेला असल्याने वेळेचे नियोजन गावाला वेगळे शिकवावे लागले नाही. अर्थात स्पर्धेचा जोर मुदतीबरोबर ओसरतो आणि बांधांतला गाळ दरवर्षी येतो. तेव्हा तिला आदर्श मानणे घाईचे होईल. तिच्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, पद्धत बेततांना प्रथम मुदत पाहिली गेली, तक्ते नंतर.

शासनाच्या नियमांतही असा विवेक अधूनमधून डोकावला आहे. मजुरांची उपस्थिती भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांनी दिवसातून दोनदा नोंदविण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून सर्व कामांवर आली, तेव्हा वैयक्तिक लाभाची कामे तीतून वगळण्यात आली होती. म्हणजे सार्वजनिक रस्ता आणि एकाची विहीर यांच्या देखरेखीची जात निराळी, हे मान्य झाले होते. जिच्या शेतात विहीर आहे ती बाई खोदकामावर जितके लक्ष ठेवील तितके कोणतेही छायाचित्र ठेवणार नाही, हे उघड आहे. खेदाची गोष्ट अशी की, हा विचार उपस्थितीपाशीच थांबला; मान्यतांच्या क्रमाला तो शिवला नाही.

तो शिवला असता तर काय झाले असते? तांत्रिक मान्यता प्रत्येक विहिरीस स्वतंत्र न देता एकसारख्या भूस्तराच्या गावांसाठी नमुना अंदाजपत्रकावर जानेवारीतच देता आली असती. बालाघाटच्या पठारावरील काळ्या कातळाचे वर्तन गावोगाव इतके बदलत नाही, की प्रत्येक वेळी नव्याने गणित मांडावे. जी विहीर १ मेपर्यंत ठरावीक खोलीला पोहोचली नाही तिचे काम त्या वर्षी तेथेच थांबवून काठ सुरक्षित करावा, हा निर्णय घेण्याचा अधिकार गावपातळीवरील तांत्रिक सहायकास देता आला असता. ‘प्रिन्स टू’ टप्प्याच्या सीमेवर काम चालू ठेवावे की नाही असा प्रश्न विचारावयास सांगते. त्या साऱ्या पद्धतीतून विहिरीने उचलावी अशी हीच एक गोष्ट आहे, आणि विहिरीच्या फायलीत नेमकी तीच नाही.

पैशाचा क्रमही असाच उलटा पडला. अकुशल मजुरीवर किमान ६० टक्के आणि साहित्य व कुशल कामावर कमाल ४० टक्के, हे प्रमाण मातीच्या कामांना साजते. विहीर जसजशी खोल जाते तसतसा सुरुंग, क्रेन आणि बांधकाम यांचा वाटा वाढतो. मजुरीची रक्कम मजुरांच्या खात्यावर जाते; साहित्याची रक्कम निधी येईल तेव्हा. मधल्या काळात क्रेनवाल्याला थांबा म्हणता येत नाही. म्हणून शेतकरी मुकादमाकडून पुढल्या हंगामाची उचल घेतो आणि विहीर पुरी होण्यापूर्वीच त्याचे घर पुन्हा ऊसतोडीला बांधले जाते.