‘आपल्या पायांवर उभे राहणे’ : एका वाक्प्रचाराची उलटतपासणी

स्वावलंबनासाठी मराठीत सर्वांत रुळलेला वाक्प्रचार पायांचा आहे. मुलगा मिळवता झाला की तो ‘आपल्या पायांवर उभा राहिला’, आणि विधवा बहिणीने शिवणयंत्र घेतले की तीही ‘आपल्या पायांवर उभी राहिली’. देवाची थोरवी सांगायची तर त्याच्या कृपेने पांगळाही पर्वत ओलांडतो, असे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. संतांनीही ‘पांगुळ’ हे रूपक परमार्थासाठी वापरले. या सगळ्यात खऱ्या पांगळ्या मुलाने काय करावे, हे मात्र भाषेने कुठे सांगून ठेवलेले नाही. ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, ज्याची मूठ उघडत नाही, ज्याचा शब्द ओठांपर्यंत येता येता मोडतो, त्याच्या स्वावलंबनाला आपल्याकडे शब्दच नाही. शब्द नसला की साहित्यही बहुधा नसते. या लेखात विचार करायचा आहे तो याच उणिवेचा.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा पुढे वाढत जाणारा रोग नव्हे. जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते आणि हालचालीवरचा, तोलावरचा ताबा बिघडतो. कुणाचे स्नायू ताठरतात, कुणाचे हातपाय मनाविरुद्ध वळवळतात, कुणाचा तोल सावरत नाही. जगभरात दर हजार जन्मांमागे साधारण २ ते ३ मुलांना ही अवस्था येते, असे मानले जाते. काहींना बौद्धिक अडचणही असते, पण पुष्कळांची बुद्धी शाबूत असते. आपण मात्र तोंडातून लाळ गळताना पाहिली की मूल ‘मतिमंद’ ठरवून मोकळे होतो. या गोंधळाला आपल्या कलाकृतींचाही हातभार लागला आहे. १९९१ च्या ‘चौकट राजा’मधील दिलीप प्रभावळकरांचा नंदू मराठी प्रेक्षक विसरणार नाही. तो सेरेब्रल पाल्सीचा रुग्ण नाही. लहानपणी पडून मेंदूला इजा झालेला आहे. अभिनय थोरच होता. पण त्या चित्रपटानंतर अपंग माणूस म्हणजे वयाने वाढलेले निरागस बाळ, हा साचा आपल्या मनात पक्का बसला. बाळाला विचारायचे नसते, भरवायचे असते.

जगाच्या साहित्यात या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे ख्रिस्ती ब्राऊनचे ‘माय लेफ्ट फूट’ (१९५४). डब्लिनच्या एका गवंड्याच्या घरात बावीस मुले जन्मली, त्यांतली तेरा जगली, आणि त्यांतला हा एक. पाचव्या वर्षी बहिणीच्या हातचा खडू त्याने डाव्या पायाच्या बोटांत पकडला आणि आईने काढून दाखवलेले अक्षर गिरवले. १९८९ साली त्यावर चित्रपट निघाला, डॅनियल डे-लुईस आणि आईची भूमिका करणारी ब्रेंडा फ्रिकर या दोघांना ऑस्कर मिळाले, आणि तो डावा पाय जगभर प्रसिद्ध झाला.

वाचकांनी पाय लक्षात ठेवला. माझ्या मते पुस्तक दुसऱ्याच गोष्टींवर उभे आहे. पहिली गोष्ट म्हणजे एक जुनी ढकलगाडी. भाऊ ख्रिस्तीला तीत घालून रस्त्यावर खेळायला नेत. गाडीचे नाव ‘हेन्री’. गाडी मोडली तेव्हा तो मुलगा घरात अडकला, आणि आपण इतरांसारखे नाही हे त्याला पहिल्यांदा जाणवले. अपंगत्व पायात होतेच, पण ते कळले चाक मोडल्यावर. दुसरी गोष्ट परसातल्या खोलीची. मुलाला लिहायला स्वतःची जागा हवी म्हणून आईने आपल्या हातांनी विटा रचायला घेतल्या आणि मग घरातले गवंडी पुरुष ओशाळून कामाला लागले. तिसरी गोष्ट अधिकच बोलकी आहे. लंडनला तपासणी झाल्यावर त्याला सांगण्यात आले की डावा पाय वापरणे सोड. त्या पायाच्या ताणाने बाकीचे शरीर आखडते. म्हणजे ज्या पायाने कीर्ती दिली तोच बांधून ठेवायचा. मग त्याने भावांना मजकूर सांगितला आणि त्यांनी तो उतरवला. ‘माझा डावा पाय’ या नावाचे पुस्तक बरेचसे दुसऱ्यांच्या उजव्या हातांनी कागदावर आले, यात लेखकाला कमीपणा नाही. उलट स्वावलंबनाची खरी व्याख्या इथेच सापडते. हात कुणाचा, यापेक्षा वाक्य कुणाचे, हे महत्त्वाचे.

आपल्या देशातले पुस्तक घ्यायचे तर मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ (२०१०). त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुलीला शाळा नव्हती म्हणून आईने शाळा उभी केली. एका करंगळीने टंकन करत मालिनी सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. शीर्षकात करंगळी आहे, पण तेवढ्यावरून हे जिद्दीचे पुस्तक आहे असे समजू नये. ते पायऱ्यांचे आणि उतारांचे, बसच्या दाराचे, विजेवर चालणाऱ्या खुर्चीचे पुस्तक आहे. तीच बाई, तेच शरीर. एका शहरात परावलंबी, दुसऱ्यात मोकळी. शरीर बदलले नाही, फूटपाथ बदलला. याच १९७२ साली अमेरिकेत बर्कले येथे अपंगांनी स्वतः चालवलेले स्वतंत्र जगण्याचे केंद्र सुरू झाले. त्या चळवळीचा गाभा हाच होता की मदत घेणे म्हणजे परावलंबन नव्हे. मदत कुणाची, केव्हा आणि कशी घ्यायची याचा निर्णय हातचा जाणे हे परावलंबन.

शोनाली बोस यांच्या ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) या चित्रपटामागे मालिनी या त्यांच्या बहिणीचीच प्रेरणा होती. त्यातल्या लैलाची आई मराठी आहे, हे मराठी समीक्षेने अधिक गंभीरपणे घ्यायला हवे होते. ही आई मुलीला आंघोळ घालते, कपडे चढवते, परदेशी सोबत जाते. आणि एके दिवशी मुलगी आपल्या खासगीपणाचा हक्क मागते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतली आई या क्षणापाशी पोचतच नाही. ती त्यागापाशी थांबते, कारण त्यागाला टाळ्या पडतात. चित्रपटात दुसरा एक प्रसंग आहे. लैलाच्या गाण्याला बक्षीस मिळते, आणि ते एका अपंग मुलीने लिहिले म्हणून दिले, असे व्यासपीठावरूनच सांगितले जाते. ती जे उत्तर देते ते सभ्य नाही, पण योग्य आहे. आपल्या सत्कार समारंभांनी तो प्रसंग जरूर पाहावा.

मराठीत या जातीचे पुस्तक कोणते? चटकन आठवते ती नसीमा हुरजूक यांची ‘चाकाची खुर्ची’. त्यांचे अपंगत्व वेगळे. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी १९८४ साली कोल्हापूरला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारली आणि पुढे कुडाळ तालुक्यात स्वप्ननगरी व तिथला काजूचा उद्योगही. त्या पुस्तकाचे नाव मला फार मोलाचे वाटते. ते अश्रूचे नाव नाही, संघर्षाचेही नाही. एका वस्तूचे आहे. स्वावलंबन वस्तूंनी बनते, हे त्या नावाला कळले आहे.

आता हा सगळा ग्रंथव्यवहार अणशीला आणून पाहू. कारवारहून कद्र्यावरून घाट चढून आले की अणशी लागते. १९८७ पासून राष्ट्रीय उद्यान, २००७ पासून व्याघ्र प्रकल्पाचा भाग. २०१५ पासून त्या प्रकल्पाला काळीचे नाव आहे. कुणब्यांची घरे रानात विखुरलेली. पावसाळा असा की वाट आणि ओहोळ यांत फरक राहू नये. इथे लंडनची विजेची खुर्ची अंगणापलीकडे जाणार नाही. मग मालिनी चिब यांचे पुस्तक इथल्या आईला काय देते? धीर देते, हे खरे. पण धीराने उंबरठा बुटका होत नाही. हा दोष लेखिकेचा नाही. तिने आपल्या वाटेचा प्रामाणिक हिशेब दिला. उणीव आपली आहे, कारण आपल्या वाटेचा हिशेब कुणी लिहिलेला नाही.

म्हणून मी एका अशा पुस्तकाचे नाव घेतो की ज्याला साहित्य म्हणायला पुष्कळांची तयारी नसेल. डेव्हिड वर्नर यांचे ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ (१९८७). मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील अहोया या खेड्यात अपंग गावकऱ्यांनीच चालवलेल्या प्रकल्पातून ते जन्मले. पानोपानी रेषाचित्रे. लाकूड, बांबू, जुने टायर, चिंध्या यांतून मुलासाठी काय काय करता येते, याचा तो कोश आहे. ताठर पायांच्या मुलाला दोन पाय फाकवून कडेवर घ्या, म्हणजे मांड्या सुटतात. खाली एकटे बसता येत नसेल तर दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवा, खांदे पुढे येतील. भरवताना डोके मागे कलू देऊ नका; मूल सरळ बसवून घास समोरून द्या. उभे राहण्यासाठी अंगणात दोन आडव्या काठ्या बांधा. आणि सर्वांत मोठा नियम असा की लागेल तेवढीच मदत करा; जे मूल उशिरा का होईना स्वतः करू शकते ते त्याच्यासाठी करू नका.

आमच्या बाया मूल कडेवर घेतातच. ते शास्त्राने सांगायची गरज नव्हती. पण तेच या मुलाचे औषध आहे, हे सांगायची गरज होती. बांबू अणशीला कमी नाही, आणि शौचाच्या जागेशी बांबूचा कठडा बांधला तर एक मुलगी आयुष्यभरासाठी एका लाजेतून सुटते. असे कठडे पर्वतापेक्षा मोठे असतात. या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात मूल दिसते, पण बोलत नाही. हात कसा धरावा हे कळते. धरलेल्या हाताला काय वाटते ते कळत नाही. ब्राऊन आणि चिब यांच्याकडे आतला आवाज आहे, वर्नर यांच्याकडे बाहेरची काठी. आपल्याला दोन्ही एका पुस्तकात हवी आहेत.

सीमाभागात आणखी एक पेच आहे, आणि तो केवळ सीमाभागातल्या लेखकालाच दिसेल. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याला चित्रांच्या पाटीवर बोट किंवा नजर ठेवून मागता यावे, अशी एक साधी पद्धत जगभर रूढ आहे. आमच्याकडे त्या पाटीवर शब्द कोणत्या भाषेचा घालायचा? घरात कुणबी बोली आणि कोंकणी, शाळेच्या फळ्यावर बहुधा कन्नड, देवघरातल्या पोथीत मराठी, आणि उपचाराचे कागद इंग्रजीत. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यापासून आम्ही पाट्यांच्या भाषेवर पुष्कळ बोललो, तेही गरजेचेच होते. पण या पाटीवर कुणी बोललेले नाही. माझे मत स्पष्ट आहे. त्या पाटीवर आई ज्या शब्दाने पाणी देते तोच शब्द असावा. भाषेचा अभिमान त्या मुलाच्या तहानेपुढे दोन पावले मागे उभा राहिला तर त्यात अभिमानाचा अपमान नाही.

कायदा पुढे गेला आहे. १९९५ चा अपंगांचा कायदा, १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, ज्यात सेरेब्रल पाल्सीचे नाव घेऊन उल्लेख आहे, आणि २०१६ चा हक्कांचा कायदा, ज्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. दयेच्या भाषेकडून हक्काच्या भाषेकडे हा प्रवास आहे. आपले ललित साहित्य मात्र अजून दयेच्या मुक्कामावर आहे. दिवाळी अंकांतल्या कथांचा आराखडा पाठ झाला आहे : जन्म, डॉक्टरांचा गंभीर चेहरा, आईची आसवे, नवस, जिद्द आणि शेवटी मुलाने टाकलेले पहिले पाऊल. पहिले पाऊल हाच कळस का? पाऊल न टाकणाऱ्या मुलाची गोष्ट मग अपुरी का? ‘चालेल का?’ या एकाच प्रश्नामागे आईबाप वर्षे आणि जमीन घालवतात. तेवढ्या काळात ‘मागेल का, निवडेल का, नाही म्हणेल का?’ हे प्रश्न विचारायचे राहून जातात. साहित्याने या चुकीला सौंदर्य बहाल केले, हा माझा आक्षेप आहे.

मला अशी मराठी कथा वाचायची आहे की जिच्यात एक मुलगा भाकरीचा तुकडा स्वतः तोंडापर्यंत नेतो, त्याला अर्धा तास लागतो, आणि आई तो अर्धा तास हात मांडीखाली दाबून बसते. त्या बसण्यात नाट्य नाही असे ज्याला वाटते त्याने आईपण पाहिलेले नाही. न केलेली मदत हीसुद्धा माया असते. ती लिहायला अधिक कठीण, म्हणूनच लेखकाचे काम. दोन झग्यांपैकी तांबड्याकडे नजर वळवणारी मुलगी, आणि हिरवा स्वस्त पडतो हे माहीत असूनही तांबडा घेणारा बाप, हीसुद्धा कथा आहे.

वाक्प्रचार कायद्याने बदलत नाहीत. चांगल्या लेखनाने हळूहळू बदलतात. ‘आपल्या पायांवर’ याच्या जागी ‘आपल्या मनाने’ एवढा जरी बदल आपल्या गोष्टींनी घडवला तरी पुष्कळ झाले. पर्वत देवावर सोडावा. उंबरठा मात्र आपण बांधलेला आहे. तो तासून बुटका करणे आपल्याच हातात आहे.