अग्गञ्ञसुत्त आणि विश्वारंभाचा प्रश्न : एका सोयीच्या वाचनाची चिकित्सा

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च रोजी आणि क्रांतिस्तंभापाशी २५ डिसेंबर रोजी जो जनसमुदाय जमतो, त्याच्या वाटेवर पुस्तकांच्या राशी मांडलेल्या असतात. त्यांतील काही पुस्तिकांत, तसेच आपल्या अनेक व्याख्यानांत, एक विधान आता जवळजवळ सिद्धांतासारखे येऊ लागले आहे. ते असे की, विज्ञानाने विसाव्या शतकात शोधलेला महास्फोट भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला होता. आणि पुरावा कोणता, तर दीघनिकायातील सत्ताविसावे सुत्त, अग्गञ्ञसुत्त. हे विधान श्रद्धेपोटी केले जाते, याविषयी शंका नाही. परंतु ते मूळ पालीच्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याने त्या सुत्ताचा खरा आशयच झाकला जातो.

प्रथम पाठ पाहू. दीर्घकाळ लोटल्यावर हा लोक आवर्त पावतो व पुन्हा विवर्त पावतो, असे तेथे 'संवट्टति' आणि 'विवट्टति' या क्रियापदांनी सांगितले आहे. यात आरंभ कोठेच नाही. प्रत्येक विवर्तापूर्वी एक संवर्त आहे, आणि संवर्ताच्या काळातही आभस्सर लोकात मनोमय, स्वयंप्रभ सत्त्व विद्यमान आहेतच. महास्फोटाचा सिद्धांत सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका अतिउष्ण, अतिघन अवस्थेविषयी बोलतो. तेथे कोणी सत्त्व वाट पाहत बसलेले नाहीत. दोहोंत साम्य आहे ते 'प्रसरण' या अनुवादित शब्दापुरते. अनुवादाच्या शब्दावर सिद्धांत उभारणे ही पाली अभ्यासकाला शोभणारी रीत नव्हे.

शिवाय विज्ञानाचे स्वरूपही आपण विसरतो. आपल्याच भाषेत लिहिणारे थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी महास्फोटाच्या कल्पनेस सातत्याने आव्हान दिले. हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ साली त्यांनी पर्यायी प्रतिकृती मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती पटली नाही, हे खरे. पण महास्फोट हाच धम्म ठरवला, तर नारळीकरांना आपण काय म्हणणार? आणि उद्या निरीक्षणांनी सिद्धांत बदलला, तर तथागतांना त्यासोबत दुरुस्त करणार काय? वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. तो मार्ग आपल्या पायाखाली येऊ नये.

आता सुत्ताचा प्रसंग. सावत्थीच्या पुब्बारामात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मणकुलोत्पन्न तरुण भिक्षुत्वाची प्रतीक्षा करीत आहेत. भगवंत त्यांना विचारतात की, ब्राह्मण तुम्हांला शिव्याशाप देत नाहीत का? ते सांगतात की, देतात, आणि पोटभर देतात. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेला श्रेष्ठ वर्ण सोडून तुम्ही त्याच्या पायांपासून झालेल्या मुंडकांत गेलात, हा तो आक्षेप. विश्वोत्पत्तीची सारी कथा या शिवीला दिलेले उत्तर आहे. उत्तराचा पहिला भाग तर अगदी रोखठोक आहे: ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भवती होतात, प्रसवतात, पाजतात, हे सर्वांना दिसते, तरी मातेच्या उदरी जन्मलेले हे लोक मुखातून जन्मल्याचे सांगतात! महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ब्रह्म्याच्या प्रसूतीविषयी जे खोचक प्रश्न विचारले, त्यांची जात हीच. दीघनिकायाचा हा भाग लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने रोमन लिपीत छापला तो १९११ साली. म्हणजे जोतीरावांनी ती छापील प्रत पाहिलेली असणे शक्य नाही.

पुढील कथेत पृथ्वीरस चाखण्याची तृष्णा, देहाची स्थूलता, तांदळाचा साठा, शेतांच्या हद्दी, चोरी, खोटेपणा, दंड, आणि शेवटी लोकांनी निवडलेला महासम्मत असा क्रम येतो. वर्ण येतात ते कामाच्या वाटणीतून. यातील शब्दश्लेष अनुवादात हरवतात. 'झायक' म्हणजे ध्यान करणारे. जे ध्यान सोडून गावाशेजारी ग्रंथ रचीत बसले ते 'अज्झायक', म्हणजे न ध्यान करणारे. वेदाध्यायी ब्राह्मणाचे गौरवाचे नाव येथे एका अक्षराने उलटे केले आहे. रिचर्ड गोम्ब्रिच यांनी १९९२ साली या सुत्ताला वैदिक सृष्टिकथेचे विडंबन म्हटले, ते मला बहुतांशी मान्य आहे. मात्र बुद्धघोषाची परंपरा संवर्त-विवर्ताचे वर्णन अक्षरशः घेते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. मला गोम्ब्रिच यांच्या मांडणीत उणे वाटते ते एवढेच की, विनोदावर भर देताना शिव्या खाणारे ते दोन तरुण मागे पडतात.

महाडचा संबंध येथे येतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानंतर, जी मनुस्मृती जाळली गेली, तिचा पहिला अध्याय विश्वोत्पत्तीचाच आहे. अंधकार, स्वयंभू, जल, सोन्याचे अंडे, त्यातून ब्रह्मा. एकतिसाव्या श्लोकात मुख, बाहू, मांड्या व पाय यांपासून चार वर्ण. एक्याण्णवाव्यात शूद्राला एकच कर्म, वरील तिघांची सेवा. सुवर्णाच्या अंड्यापासून तळ्यावरच्या मज्जावापर्यंतचा रस्ता असा आखलेला आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) या ग्रंथाच्या आरंभीच पुरुषसूक्ताची तपासणी केली ती याच कारणाने: सृष्टीची कथा समाजव्यवस्थेला दैवी शिक्का देते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये 'धम्म काय नव्हे' या भागात ईश्वरावरील विश्वासासोबत तर्कवितर्कांवर आधारलेला विश्वासही त्यांनी ठेवला, आणि धर्मग्रंथांची अप्रमादता मानणेही. बुद्धवचन विज्ञानाने 'सिद्ध' करू पाहणाऱ्यांनी हे शेवटचे प्रकरण पुन्हा वाचावे.

येथे आणखी एक सैल वापर नोंदवतो. बुद्धांनी विश्वारंभाचा प्रश्न 'अव्याकृत' ठेवला, असे आपण सर्रास म्हणतो. चूळमालुंक्यसुत्तातील दहा प्रश्नांत लोक शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त हे आहे. 'कोणी व केव्हा निर्मिला' हे नाही. निर्मात्याविषयी तर ते गप्प नाहीतच. ब्रह्मजालसुत्तात रिकाम्या विमानात एकटा पडलेला ब्रह्मा सोबतीची इच्छा करतो, योगायोगाने इतर सत्त्व तेथे उपजतात, आणि तो स्वतःला त्यांचा निर्माता समजू लागतो. यापेक्षा स्पष्ट व्याकरण कोणते हवे?

अग्गञ्ञसुत्त अभ्यासवर्गात वाचताना एक अडचण मात्र टाळू नये. त्याच्या शेवटी, गोत्राला मानणाऱ्या जनांत क्षत्रिय श्रेष्ठ, आणि विद्या व आचरण यांनी संपन्न असा देवमनुष्यांत श्रेष्ठ, या आशयाची गाथा आहे. आपले बहुतेक लेखक तिचा उत्तरार्ध तेवढा उद्धृत करतात. गाथा सनंकुमार ब्रह्म्याच्या तोंडची आहे, पण भगवंतांनी तिला अनुमोदन दिले आहे, हे दडवता येत नाही. हीच गाथा अम्बट्ठसुत्तातही येते. तेथे ती जन्माचा गर्व मिरवणाऱ्या तरुण ब्राह्मणाला त्याच्याच गोत्राच्या हिशेबात खाली उतरवण्यासाठी वापरली आहे. पूर्वार्धाचा अर्थ लावायचा तर त्या सुत्तापासून सुरुवात करावी लागेल.