कथानक : आधीं कीं मागाहून?

कादंबरीकारानें लेखणी हातीं धरण्यापूर्वीं कथानकाचा शेवट ठरवावा कीं नाहीं, हा वाद जुना आहे. विल्की कॉलिन्स बारीकसारीक तपशिलासह सारी आंखणी करून मगच लिहावयास बसत असावा, असें ट्रॉलोपचें मत होतें. स्वतः ट्रॉलोपला मात्र आपली कादंबरी कोठें जाऊन थांबणार याची आरंभीं कल्पना नसे, व फारशी फिकीरही नसे. १८८३ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें हें मोकळेपणानें सांगितलें आहे.

आपल्याकडे प्रा. ना. सी. फडके यांनीं ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून रचनेच्या तंत्राची बाजू हिरिरीनें मांडली. अघळपघळ लेखनाला त्यामुळें वळण लागलें, हे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु अनुकरण करणारांच्या हातीं तंत्राचा सांगाडाच तेवढा राहिला. आधीं निरगांठ बांधावयाची, आणि ती सुटावी म्हणून ऐन वेळीं पत्र हरवावयाचें किंवा मोटार बंद पाडावयाची!

याच्या उलट हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ पाहावी. १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकांतून ती क्रमशः आली. आठवड्याच्या निकडीनें तींत पाल्हाळ शिरला, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. पण यमूचें केशवपन वाचतांना लेखकानें तें मुद्दाम घडवून आणलें, असें क्षणभरही वाटत नाहीं. शंकरमामंजींचा स्वभाव, वडीलधाऱ्यांचा धाक, नवऱ्यामागें आलेलें पोरकेपण, हें सारें आधींच्या प्रकरणांतून सांठत आलेलें असतें. वस्तरा येतो तो त्या घरांतूनच येतो.

मग आंखणी नकोच काय? तसेंही नाहीं. डिकन्स हप्त्याहप्त्यानेंच लिही. तरी ‘डॉम्बी अँड सन’ (१८४६–४८) पासून तो हप्त्यांचीं टांचणें नियमानें करूं लागला, आणि त्यानें त्याच्या पात्रांचा जीव गेला नाहीं. म्हणून आराखडा आधीं कीं मागाहून, हा प्रश्न आम्हांस गौण वाटतो. घडलेली गोष्ट त्या माणसांच्या स्वभावांतून व परिस्थितींतून निघाली, कीं लेखकाच्या सोयीसाठीं आणली, हें पाहावें.

हा भेद केवळ कलेचा नव्हे. यमूचें दुःख योगायोगाचें वाटतें, तर वाचक ‘बिचारी!’ म्हणून मोकळा झाला असता. तें आपल्याच घरांतील रीतीचें फळ आहे हें त्याला कळतें, म्हणूनच शीर्षकांतील प्रश्न त्याच्यावर उलटतो.