वाशिमचा शोध आणि वाशिमचे नाव

प्रादेशिक भूगोलाचा अभ्यासक ग्रंथालयात बहुधा जिल्ह्याचे नाव घेऊन शिरतो. सूचीही त्याला त्याच वाटेने नेते. ही वाट सोयीची खरी. तथापि ती विश्वसनीय आहे, असे म्हणता येत नाही. कामरगावचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हे गाव आज वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात मोडते. तेव्हा जुन्या वाशिमच्या नोंदी चाळल्या की या परिसराचा पूर्ववृत्तान्त हाती येईल, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

आजचा वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. वऱ्हाडात १९०५ पर्यंतही या नावाचा एक जिल्हा होता. परंतु कारंजा त्यात नव्हते. ते मुर्तिजापूर तालुक्यात होते, आणि तो तालुका अमरावती जिल्ह्याचा भाग होता. १९०५ च्या फेररचनेत तो अकोल्याकडे आला, व जुना वाशिम जिल्हाही तेव्हाच संपुष्टात आला. म्हणजे कारंजा परिसराची एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील माहिती अमरावतीच्या नावाखाली, पुढील नव्वदांहून अधिक वर्षांची अकोल्याच्या नावाखाली, आणि त्यानंतरचीच काय ती वाशिमच्या नावाखाली शोधावी लागते. नामसादृश्याला भुलून दोन्ही वाशिमचे आकडे शेजारी मांडणारा अभ्यासक वस्तुतः दोन भिन्न प्रदेशांची तुलना करीत असतो. त्यावरून काढलेला लोकसंख्येचा वा पीकक्षेत्राचा निष्कर्ष मुळातच फोल होय.

यात लेखनभेदाची भर पडते. इंग्रजी कागदपत्रांत वाशिमचे रूप ‘बासिम’ असे येते. देवनागरीत ‘व’ आणि ‘ब’ यांत फारसे अंतर नाही. रोमन वर्णानुक्रमात मात्र एक नाव आरंभी व दुसरे जवळजवळ अखेरीस जाऊन पडते. ‘अमरावती’चे ‘उमरावती’ हे रूपही असेच दूर फेकले जाते. सूचीत ‘पहा’ अशी परस्परनिर्देशाची नोंद नसेल, तर ग्रंथ फडताळात असूनही वाचकाला नसल्यासारखाच.

साधनांची निवडही याच दृष्टीने व्हावयास हवी. लायल यांनी संपादिलेले १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटिअर फेररचनेपूर्वीचे, तर ब्राऊन व नेल्सन यांचे १९१० चे अकोला गॅझेटिअर तिच्यानंतरचे. अकोल्याची १९७७ ची सुधारित आवृत्ती वाशिमच्या नवनिर्मितीपूर्वीची. प्रत्येकातील ‘जिल्हा’ हा शब्द एकच, क्षेत्र मात्र वेगळे. याउलट भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे अक्षांश-रेखांशांवर आखलेले असल्याने या घोटाळ्यापासून मुक्त आहेत. शोधाचा प्रारंभ तेथून करणे श्रेयस्कर.

सारांश, प्रथम गावाचे स्थान, मग त्या त्या काळातील तालुका, आणि शेवटी जिल्हा, असा क्रम अभ्यासकाने पाळावा. सूचिकारानेही जिल्ह्याच्या नावापुढे कालखंड नोंदवावा. जिल्हा ही शासनाने आखलेली व बदललेली रेषा आहे. तिला कायमचा प्रदेश समजून केलेले संशोधन कितीही परिश्रमपूर्वक झाले, तरी ते त्या प्रदेशाचे ठरत नाही.