डेटाबेस प्रणाली बदलण्याचा आर्थिक युक्तिवाद : एक चिकित्सा

एखाद्या कंपनीने आपली डेटाबेस प्रणाली बदलावी की नाही, हा प्रश्न संचालकांसमोर बहुधा परवाना शुल्काच्या रूपाने येतो. ओरॅकलचे शुल्क प्रामुख्याने प्रोसेसरच्या संख्येवर बेतलेले असते आणि त्याच्या सुमारे २२ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीपोटी द्यावी लागते. पोस्टग्रेस मात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तेव्हा ही केवळ वजाबाकी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. आणि त्याला बळ देण्यासाठी ॲमेझॉनचा दाखला हाताशी असतोच.

ॲमेझॉनने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या ग्राहक-व्यवसायाचे स्थलांतर पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती कंपनीच्या स्वतःच्या डेटाबेस सेवांवर नेण्यात आली व या कामात शंभरहून अधिक गट सहभागी होते. खर्च ६० टक्क्यांहून अधिक, प्रतिसादातील विलंब ४० टक्के आणि व्यवस्थापनाचा भार ७० टक्के घटल्याचे त्या निवेदनात नमूद आहे. ओरॅकलकडून मोठी सवलत मिळत असतानाही ही बचत झाली, असेही त्यात म्हटले आहे.

हे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु युक्तिवाद म्हणून पाहता त्यात एक मोठी उणीव जाणवते. शंभर गटांचे श्रम, दोन्ही प्रणाली समांतर चालवण्याचा काळ आणि नव्या प्रणालीचे प्रशिक्षण यांचे मोल त्या आकड्यांशेजारी मांडलेले नाही. बचतीची टक्केवारी आहे, गुंतवणूक नाही. मग ती किती वर्षांत वसूल झाली, हे कसे ठरवावे? शिवाय येथे खरेदीदार आणि विक्रेता एकच आहे. ज्या सेवा ॲमेझॉन इतरांना विकते, त्याच तिने स्वतः वापरल्या. साहजिकच बाजारभावाने त्या विकत घेणाऱ्या कंपनीला हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. ओरॅकलशी घट्ट जखडलेली काही बाहेरची सॉफ्टवेअर हलवली नाहीत, ही कबुलीही त्याच निवेदनात आहे. सामान्य कंपनीचे हिशेब व वेतन बहुधा अशाच सॉफ्टवेअरवर चालतात.

खरा खर्च असतो तो वर्षानुवर्षे साचलेल्या संकेतावलीत. पीएल-एसक्यूएलमध्ये लिहिलेले व्यवहाराचे नियम पुन्हा लिहावे लागतात. ओरॅकल रिकाम्या अक्षरमालेला ‘नल’ मानते, पोस्टग्रेस तसे मानत नाही. एवढ्याशा भेदाने जुनी प्रश्नावली चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि तेही कोणतीही त्रुटी न दाखवता.

या पार्श्वभूमीवर उबरचे उदाहरण अधिक बोधक वाटते. ही कंपनी २०१३ मध्ये मायएसक्यूएलकडून पोस्टग्रेसकडे गेली आणि पुढे पुन्हा मायएसक्यूएलकडे परतली. दोन्ही विनामूल्य, म्हणजे परवाना शुल्काची बचत शून्य. जुलै २०१६ मध्ये तिच्या अभियंत्यांनी दिलेले कारण कामाच्या स्वरूपाचे होते : पोस्टग्रेसमध्ये एक नोंद बदलली तरी अनेकदा तिच्या सर्व निर्देशांकांत नव्याने लेखन करावे लागते, मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये दुय्यम निर्देशांक प्राथमिक कळीकडे बोट दाखवत असल्याने ते टळते. पोस्टग्रेसच्या जाणकारांनी या मांडणीवर आक्षेप घेतले, काही साधारही होते. मात्र आक्षेप घेता यावेत इतकी यंत्रणा त्या लेखनात उघड केलेली होती. ॲमेझॉनच्या ६० टक्क्यांबाबत तशी सोय नाही.