इकारसचे पाय आणि नववीचा वर्ग

साहित्य शाळेत शिकवावे कसे, हा वाद जुना आहे. चित्र वाचायला शिकवावे काय, हा त्या मानाने अलीकडचा. आपण ज्याला 'दृश्यसाक्षरता' म्हणतो, ती संज्ञा इंग्रजीत रूढ केली जॉन डेब्स या अमेरिकन गृहस्थांनी, १९६९ च्या सुमारास. तेव्हापासून माध्यमिक वर्गांसाठी चित्र आणि कविता जोडीने शिकविण्याच्या उपक्रमांचे भांडार सतत वाढतेच आहे. कवितेचे भित्तिपत्रक करा, पात्राच्या नावाने पत्र लिहा, चित्रातील प्रसंगाची बातमी करा, नाट्यीकरण करा. आमच्या वाचकांत पालक आहेत, शिक्षक आहेत, धर्मग्रामाच्या शाळांशी निगडित मंडळीही आहेत. मुलाने घरी आणलेला रंगीत तक्ता पाहून आपण सारे कौतुक करतो. तो तक्ता करताना मूल मूळ कवितेकडे किती वेळा परतले, हे मात्र क्वचितच विचारतो. या लेखात उपक्रमांची पारख आम्ही त्याच एका प्रश्नाने करणार आहोत.

नुसत्या तत्त्वचर्चेने काही साधत नाही, म्हणून इंग्रजी साहित्याच्या वर्गांत पुन्हा पुन्हा वापरली जाणारी एक जोडी घेऊ. चित्र आहे 'इकारसच्या पतनासह निसर्गदृश्य'. ते ब्रुसेल्सच्या रॉयल ललितकला संग्रहालयाने १९१२ मध्ये मिळविले आणि सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल याच्या नावावर ते ओळखले जाते. जवळजवळ एक मीटर बारा सेंटिमीटर रुंदीच्या या चित्रात अगदी पुढे एक शेतकरी नांगर धरून चालला आहे. त्याच्या खालच्या अंगाला मेंढपाळ काठीवर रेलून वर आकाशाकडे पाहतो आहे. उजव्या कोपऱ्यात पाठमोरा कोळी गळाशी झटतो आहे. शिडे फुगलेले एक देखणे गलबत पुढे निघाले आहे. आणि त्या गलबताच्या व किनाऱ्याच्या मध्ये, हिरवट पाण्यातून दोन उघडे पाय वर आलेले दिसतात. तोच इकारस. बापाने मेणाने जोडून दिलेले पंख लावून तो उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात कोसळला. चित्राला ज्याचे नाव, त्याच्या वाट्याला चित्रात एवढीच जागा.

वर्गात आरंभी मुलांना चित्राचे नाव सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाव सांगितले की मुले पाय शोधतात, सापडले की हात वर करतात आणि पाहणे संपते. न सांगितल्यास ती नांगराच्या तासांकडे पाहतात, घोड्याकडे पाहतात, शेतकऱ्याच्या लाल बाह्यांकडे पाहतात. येथे अमेरिकेत तयार झालेली एक पद्धत उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाऊसन आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन यांनी ती घडविली. शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे: चित्रात काय चालले आहे, असे तुला कशावरून वाटते, आणि आणखी काय सापडते. या तिन्हींत दुसरा प्रश्न सोन्याच्या मोलाचा. 'मला वाटते' एवढ्यावर थांबण्याची मुभा तो देत नाही. बोट ठेवून दाखवावे लागते. पुढे कवितेतील शब्दावर बोट ठेवण्याची सवय याच प्रश्नातून लागू शकते.

परंतु या पद्धतीची एक मर्यादा तिच्या चाहत्यांनी पुरेशी जोखलेली नाही. तिच्यात शिक्षकाने चित्राविषयीची माहिती आपणहून पुरवायची नसते. मुलांच्या पाहण्यातूनच अर्थ वर यावा, अशी अपेक्षा असते. पहिल्या तासाला हे ठीक आहे. दुसऱ्या तासालाही हाच संयम पाळला, तर चित्राचा गाभाच हातून निसटतो. कारण ब्रूगेलने ही कथा ऑव्हिड या रोमन कवीच्या 'मेटामॉर्फसिस'च्या आठव्या सर्गातून घेतली आहे, आणि त्या सर्गातही कोळी, मेंढपाळ आणि नांगरणारा हे तिघेच आहेत. मात्र तेथे तिघेही मान वर करून उडणाऱ्या बापलेकांकडे थक्क होऊन पाहतात. हे देवच असावेत असे त्यांना वाटते. चित्रकाराने तीच तीन माणसे उचलली आणि त्यांची नजर काढून घेतली. नांगऱ्याची मान खाली, कोळ्याचे लक्ष गळावर. मेंढपाळ वर पाहतो खरा, पण पाण्याकडे पाठ करून. त्याच्या डोक्यावरचे आकाश तर रिकामेच आहे! ब्रुसेल्समध्येच व्हान ब्यूरेन संग्रहालयात या चित्राची दुसरी प्रत आहे. तीत आकाशात उडणारा बाप, डेडॅलस, काढलेला आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून 'मेंढपाळ काय पाहतो?' एवढे विचारावे. नववीची मुले या एका प्रश्नावर अर्धा तास बोलू शकतात. ऑव्हिडचा उतारा हाती नसता, तर नजर काढून घेण्याची ही करामत किती मोठी आहे, हे त्यांना कळायला वाव नव्हता.

चित्र आधी की कविता आधी, यावर मतभेद आहेत. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९३८ च्या अखेरीस ब्रुसेल्सला जाऊन ही चित्रे पाहिली आणि त्यानंतर 'म्यूझे दे बोझार' ही कविता लिहिली. जगाच्या धांदलीत कुणाचे तरी दुःख कोपऱ्यात घडत असते आणि इतरांचे खाणेपिणे, जाणेयेणे चालूच राहते, हे जुन्या चित्रकारांना पुरते उमगले होते, असा तिचा आशय. ही कविता आधी वाचली की चित्राचा अर्थ ठरून जातो. मग मूल चित्रात ऑडनच पाहते. जॉन बर्जर यांनी १९७२ च्या 'वेज ऑफ सीइंग' या मालिकेत आणि पुस्तकात हाच धोका एका साध्या प्रयोगाने दाखविला होता. व्हॅन गॉगचे गव्हाचे शेत व कावळ्यांचे चित्र त्यांनी आधी नुसते दाखविले. नंतर, आत्महत्येपूर्वीचे हे त्याचे अखेरचे चित्र, अशी ओळ देऊन पुन्हा दाखविले. चित्र तेच, पण पाहणाऱ्याला ते निराळे भासते. गंमत अशी की, ते अखेरचे चित्र नव्हते, असे आता अभ्यासक मानतात. शब्दाने चित्रावर एवढी सत्ता गाजवावी आणि तो शब्दच चुकीचा निघावा! म्हणून आमचा क्रम असा: चित्र, मग ऑव्हिड, मग पुन्हा चित्र, आणि शेवटी ऑडन. ऑडनशी सहमत व्हायचे की नाही, हे ठरवायला मुलांपाशी तोवर स्वतःचे काही जमलेले असते.

ऑडनच्या जोडीला विल्यम कार्लोस विल्यम्स यांची याच चित्रावरील कविता घ्यावी. ती ज्या संग्रहात आली, तो १९६२ चा. दोन्ही कवितांच्या ओळी मोजल्या तर एकवीस-एकवीस भरतात. साम्य येथेच संपते. ऑडन ऐसपैस, गप्पा मारल्यासारखे लिहितात. विल्यम्स यांच्या ओळी तीन-चार शब्दांच्या, तीन-तीन ओळींची सात कडवी. इकारसचे नाव आरंभीच येऊन जाते, मग वसंत ऋतू, शेत, समुद्रकाठ यांचीच वर्दळ चालते, आणि बुडणारा इकारस येतो तो थेट शेवटच्या ओळीत. चित्रात तो जसा कोपऱ्यात, तसाच कवितेतही. ही गोष्ट शिक्षकाने सांगू नये. 'इकारस कितव्या ओळीत बुडतो?' एवढे विचारून गप्प बसावे. कवितेचा आकारही काही बोलत असतो, हे मुलांना समजावण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

आता प्रचलित उपक्रमांकडे वळू. 'इकारसच्या मृत्यूची बातमी लिहा' हा सर्वांत लोकप्रिय आणि, आमच्या मते, सर्वांत पोकळ. बातमी लिहायला चित्राकडे पाहावेच लागत नाही. कथा माहीत असली की झाले. शिवाय बातमी इकारसला पहिल्या पानावर आणते, आणि त्याची कुणी दखल घेतली नाही हाच तर या चित्राचा विषय! नांगऱ्याचे स्वगत लिहिण्याचा उपक्रम त्याहून बरा, पण एका अटीवर: चित्रात दिसणाऱ्या निदान पाच वस्तू त्यात याव्यात. मग डावीकडच्या झुडपात दिसणारे फिकट डोकेही कुणाला तरी सापडते. मरणाऱ्यासाठी नांगर थांबत नाही, अशा अर्थाची त्या मुलखातली म्हण आहे. तिचा संबंध अभ्यासकांनी त्या डोक्याशी जोडला आहे.

तिसरा उपक्रम साधा आहे आणि आम्हांला विशेष प्रिय आहे. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हाती चित्र, दुसऱ्याच्या हाती कोरा कागद. पहिल्याने केवळ शब्दांनी वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून काढायचे. 'तिकडे एक माणूस आहे' असे म्हणून भागत नाही. 'खालच्या उजव्या कोपऱ्यात, पाठमोरा, हात पुढे केलेला' असे म्हणावे लागते. निबंधाच्या वहीत लाल शाईने शंभर वेळा खुणा करूनही जी नेमकी भाषा येत नाही, ती येथे वीस मिनिटांत येऊ लागते. खर्च शून्य. चित्राची प्रत मात्र मोठी व रंगीत हवी. मोबाईलच्या पडद्यावर इकारसचे पाय दिसतच नाहीत, आणि बोटांनी मोठे केले तर पाय दिसतात पण शेतकरी नाहीसा होतो. हे चित्र दोन्ही एकदम दिसण्यावर उभे आहे.

शेवटी मुलांना एक गोष्ट सांगावीच. १९९६ पासूनच्या तांत्रिक तपासण्यांनंतर हे चित्र ब्रूगेलच्या हातचे असण्याविषयी गंभीर शंका उपस्थित झाल्या असून, त्याच्या हरवलेल्या मूळ चित्राची ती जुनी प्रत असावी, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. मग ऑडनची कविता खोटी ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने राखूनच ठेवावे.

आपल्याकडे काय चालते? महाराष्ट्रात २०१८-१९ पासून दहावीच्या मराठीसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. घोकंपट्टी मोडावी, हा हेतू स्तुत्यच होता. पण 'आकृतिबंध पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा' या कृतींत मूल उताऱ्यातले शब्द उचलून रिकाम्या जागी बसविते. उतारा कवितेचा असो की वीजबिलाचा, कृती तीच! कवितेच्या रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे ठरून गेले, आणि बाजारातल्या मार्गदर्शकांनी ते आधीच भरून ठेवले. स्वमत व अभिव्यक्तीचे प्रश्न आहेत, हे मान्य. त्यांना 'कशावरून?' एवढी शेपटी जोडली असती, तर पुष्कळ साधले असते.

इकारस परका वाटत असेल, तर ब्रूगेलचेच १५६६ मधील 'बेथलेहेमची शिरगणती' घ्यावे. तेही ब्रुसेल्सच्या त्याच संग्रहालयात आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील नावनोंदणीचा प्रसंग. पण गाव फ्लेमिश, बर्फाने भरलेले. खानावळीच्या दाराशी नोंदणीची गर्दी, भिंतीवर तेव्हाच्या हॅब्सबर्ग राज्यकर्त्यांची गरुडमुद्रा. मुलांना पवित्र मरिया शोधायला सांगावी. गाढवावर बसलेली, अंगाभोवती वस्त्र लपेटलेली ती स्त्री गर्दीत सहजी सापडत नाही. तिच्यापुढे चालणाऱ्या योसेफाच्या खांद्यावरील करवतीने बहुधा ओळख पटते. संत इग्नेशियस 'आध्यात्मिक साधने'त प्रसंगाचे स्थळ मनोमन उभे करायला सांगतात. सेमिनरीत ते शिकताना आम्ही डोळे मिटत असू. येथे डोळे उघडे ठेवून तेच करायचे आहे.

ब्रूगेलने बेथलेहेम आपल्या गावात आणले, म्हणून त्याला कुणी परका म्हणत नाही. अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि पुढे त्यांची चित्रे घडली ती पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आज त्यांतील पुष्कळशी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी हीच कथा मराठी ओवीत आणली होती. लूकचा उतारा, ख्रिस्तपुराणातील जन्मप्रसंगाच्या पंधरा-वीस ओव्या, फोन्सेकांची मरिया आणि ब्रूगेलचे बर्फाळ गाव ही चार एकत्र ठेवून, कुणी काय बदलले आणि कशावरून, एवढे विचारले तर नववीच्या वर्गाला नाताळच्या सुटीआधीचे दोन तास पुरतात. मात्र ओव्यांतील जुन्या शब्दांचे अर्थ शिक्षकाने आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून द्यावेत. नाहीतर सारा वेळ शब्दार्थांतच जाईल आणि चित्रांची गुंडाळी तशीच स्टाफरूममध्ये परत येईल.